गेलेल्या मित्राचे व्हिडिओ गेम तुमच्याकडे आले तर काय करायचं (आणि काय अजिबात नाही)

दोस्त जातो आणि महिना-दीड महिन्याने त्याच्या घरून फोन येतो, "अरे त्याचं ते गेमचं सगळं पडलंय इथे, आम्हाला त्यातलं काय कळत नाही, तूच घेऊन जा बाबा." आपण हो म्हणतो, कारण नाही कसं म्हणणार. पण पुढे काय करायचं हे कोणी सांगत नाही. माझ्याकडे असंच नेरुळहून ठाण्याला कपाटभर सामान आलं, पीएस२ (प्लेस्टेशन २) पासून निन्टेन्डोच्या स्विचपर्यंत, मधल्या सगळ्या वायरींसकट, आणि ते मार्गी लावताना जे जे कळलं ते इथे क्रमाने टाकतोय.

लांबलंय जरा. घाईत असाल तर फक्त पायरी २ वाचा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मुद्दा असा की डिस्क परत विकत मिळते, कन्सोल (गेम खेळायची मशीन) पण मिळतो, पण त्याने रात्र रात्र जागून खेळलेला सेव्ह, म्हणजे तो गेममध्ये कुठपर्यंत पोचला त्याची साठवलेली नोंद, कुठल्याच दुकानात मिळत नाही. आणि सगळ्यात आधी उडतो तो सेव्हच, कारण घरात कोणालातरी वाटतं की मशीन देण्याआधी जरा "साफ करून" द्यावी.

१. आधी घरच्यांशी नीट बोला

तेराव्याच्या आधी विषय काढूच नका. त्यांनीच काढला तर "काकू, घाई नाहीये, फक्त भंगारवाल्याला काही देऊ नका आणि कुठलं मशीन चालू करून बघू नका" एवढं सांगून थांबा. हे एक वाक्य मात्र लवकरात लवकर सांगा, कारण घर आवरायला आलेले नातेवाईक फार उत्साही असतात, आणि वायरींचा गुंता दिसला की पहिला रद्दीत तोच जातो. मित्र भाड्याच्या फ्लॅटवर राहत असेल तर घाई खरीच असते, मालकाला खोली रिकामी हवी असते. अशा वेळी सगळं जसंच्या तसं खोक्यात भरून घरच्यांच्याच ताब्यात ठेवा, वाटपाचं नंतर बघता येतं.

आता हक्काचं. मित्र म्हणून कायद्याने आपण कोणी लागत नाही. मृत्युपत्र नसेल तर वस्तू वारसांच्या होतात. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे लग्न न झालेल्या मुलाची पहिली वारस त्याची आई, वडील त्याच्यानंतरच्या वर्गात येतात. लग्न झालेलं असेल तर बायको, मुलं आणि आई. म्हणजे काकांनी "घेऊन जा" म्हटलं तरी काकूंना (किंवा वहिनींना) वेगळं विचारा. हे कायद्यापेक्षा माणुसकीचं जास्त आहे, कारण बऱ्याचदा काकांना पसारा संपवायचा असतो आणि काकूंना त्याचा कंट्रोलर तेवढा ठेवायचा असतो पण त्या बोलत नाहीत.

"मी गेलो तर माझे सगळे गेम तुझे" असा व्हॉट्सअॅप मेसेज तुमच्याकडे असेल. त्याला मृत्युपत्र म्हणत नाहीत. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, रजिस्टर केलंच पाहिजे असंही नाही, पण त्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात. तो मेसेज घरच्यांना दाखवायला ठीक आहे, वाद घालायला नाही.

चांगली गोष्ट ही की अशा हलवता येणाऱ्या वस्तू भेट द्यायला रजिस्ट्रेशन वगैरे काही लागत नाही, हातात दिली की झाली भेट. तरी मी एक साधी चिठ्ठी करून घ्या म्हणेन, "माझा मुलगा कै. अमुक याच्या वस्तूंपैकी सोबतच्या यादीतल्या वस्तू मी स्वखुशीने अमुक यांना दिल्या आहेत", तारीख, सही, बस. स्टॅम्प पेपर नको, वकील नको, आणि काकूंकडे आधारची झेरॉक्स तर अजिबात मागू नका. ही चिठ्ठी उद्या चुलतभाऊ उगवला आणि म्हणाला "तो पीएस५ कुठाय" तेव्हा तुमच्याइतकीच त्यांच्याही कामाची आहे.

लागणारे कागद एवढेच:
– वरची चिठ्ठी आणि तिला जोडलेली यादी
– मृत्यू दाखल्याची झेरॉक्स, ती पण कंपनीला किंवा बँकेला काही लिहायचं असेल तरच
– सोसायटीचा गेट पास (याबद्दल पायरी ३)

२. काहीही रिसेट करू नका. काहीही.

मशीन हातात आली की सगळ्यात मोठा मोह म्हणजे ती चालू करून स्वतःचं खातं टाकायचं. थांबा.

फॅक्टरी रिसेट, इनिशियलाइज, फॉरमॅट, डिलीट युजर, यातलं काही म्हणजे काही दाबायचं नाही. कारण फक्त सेव्ह नाही, त्याने डिजिटल विकत घेतलेले गेम पण त्याच मशीनवर जिवंत असतात. त्याचा पीएस४ जर त्याच्या खात्याचा "प्रायमरी" कन्सोल म्हणून लावलेला असेल (बहुतेक लोकांचा असतोच) तर त्यावर डाउनलोड करून ठेवलेले त्याचे गेम त्या मशीनवरच्या दुसऱ्या युजरलाही खेळता येतात. पीएस५ वर यालाच कन्सोल शेअरिंग म्हणतात, एक्सबॉक्सवर होम एक्सबॉक्स. म्हणजे तुम्ही स्वतःचा नवीन युजर बनवून, त्याच्या युजरला हात न लावता, त्याचे गेम खेळू शकता. रिसेट केलं की ते दार बंद, आणि मग त्याच्या पासवर्डशिवाय परत उघडत नाही.

निन्टेन्डो थ्रीडीएस आणि वी-यू चं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. त्यामुळे या मशिनींवर जे डिजिटल गेम आहेत ते आता पैसे देऊनही नव्याने घेता येत नाहीत. मशीनवर आहेत तोवर आहेत.

दुसरा सापळा हार्डडिस्कचा. पीएस३ किंवा पीएस४ ची हार्डडिस्क काढून लॅपटॉपला लावली तर काहीच दिसत नाही, कारण ती त्या मशीनपुरती एन्क्रिप्ट केलेली असते, आणि वर विंडोज साळसूदपणे विचारतं की डिस्क वापरायला फॉरमॅट करू का. नाही म्हणा आणि डिस्क परत जागेवर लावा.

तिसरा सापळा खेळण्यातला आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या पोकेमॉनच्या कार्ट्रिजमध्ये (मशीनमध्ये खोचायची गेमची प्लास्टिकची डबी) सेव्ह एकच असतो, तुम्ही "न्यू गेम" करून सेव्ह केलं की त्याचा गेला. रेसिंग गेममध्ये त्याच्या बेस्ट लॅपची जी घोस्ट गाडी पळते ती तुम्ही रेकॉर्ड मोडलात की बऱ्याच गेममध्ये पुसली जाते आणि तिथे तुमची येते. ऑटोसेव्ह तर विचारत पण नाही. म्हणून कॉपी काढून होईपर्यंत भाच्या-पुतण्यांच्या हातात कंट्रोलर द्यायचा नाही. रडले तरी.

३. सामान आणताना

सगळ्यात आधी, जसं लावलंय तसे फोटो काढा. टीव्हीमागच्या वायरी, कपाटातला क्रम, कुठला अॅडॉप्टर कुठल्या मशीनला जातो. मास्किंग टेप आणि मार्कर न्या आणि प्रत्येक अॅडॉप्टरवर नाव टाका, कारण घरी आल्यावर सगळे काळे ठोकळे सारखेच दिसतात आणि त्यातला चुकीचा लावला तर मशीन मरू शकते.

गेट पास विसरू नका. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये वॉचमन खोकी बाहेर सोडत नाही, आणि बरोबर आहे त्याचं. काकांना आदल्या दिवशी सोसायटी ऑफिसात सांगून ठेवायला सांगा, नाहीतर त्यांना तशा अवस्थेत खाली येऊन गेटवर उभं राहून "हो हो, आमच्याच घरचं आहे" असं सांगत बसावं लागतं, ते बघवत नाही.

ट्रान्स हार्बरच्या लोकलने आणायचा विचार असेल तर मेमरी कार्ड, कार्ट्रिज आणि हँडहेल्ड (हातात धरून खेळायच्या मशिनी) एवढंच पाठीवरच्या सॅकमधून, आणि ते पण गर्दीची वेळ सोडून. बाकीचं सरळ गाडी करून आणा. जुना डब्बा टीव्ही असेल आणि सोबत लाइट गनचे गेम असतील तर तो टीव्ही फेकू नका, त्या काळातल्या बंदुका नवीन एलईडी टीव्हीवर चालत नाहीत.

आणि हो, झुरळं. हसू नका. पीएस४ आतून गरम राहतो आणि मागची फट मोठी असते, आपल्याकडच्या घरात झुरळांना त्याहून छान जागा कुठली? प्रत्येक मशीन मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालून टेप लावून आणा आणि घरात उघडायच्या आधी बाल्कनीत झटकून बघा. आत स्प्रे मारायचा नाही, सर्किटवर ओल बसते. उघडून ब्रशने साफ करायचं, जमत नसेल तर रिपेरवाल्याकडून.

४. यादी करा

कंटाळवाणं काम आहे पण याच्याशिवाय पुढचं काही होत नाही. एक साधी शीट बनवा: गेमचं नाव, मशीन, डबा आहे का, पुस्तिका आहे का, डिस्क कशी आहे, कोड, शेरा.

कोड म्हणजे डिस्कवर आणि डब्याच्या कण्यावर छापलेला नंबर. पीएस२ ला तो एसएलईएस किंवा एससीईएस ने सुरू झाला तर गेम पॅल म्हणजे युरोप आणि आपल्याकडचा, एसएलयूएस असेल तर अमेरिकेचा, एसएलपीएस किंवा एसएलपीएम असेल तर जपानचा. पीएस२ रीजन लॉक असतो, म्हणजे फक्त आपल्या भागाचे गेम चालवतो, त्यामुळे "डिस्क खराब आहे" असं वाटणाऱ्या डिस्कपैकी काही फक्त परदेशी निघतात. पीएस३ चे गेम जवळजवळ सगळे कुठल्याही मशीनवर चालतात, स्विचचे पण. थ्रीडीएस परत लॉक.

डिस्क उलटी करून बघा. ओरिजिनल पीएस१ ची खालची बाजू काळी असते, पीएस२ ची चंदेरी, काही पीएस२ गेम सीडीवर आहेत त्यांची निळी. जांभळट किंवा हिरवट दिसली आणि वर मार्करने नाव लिहिलेलं असेल तर ती आपल्या सगळ्यांच्या कॉलेजच्या काळातली मनीष मार्केट आवृत्ती, म्हणजे चोरून केलेली कॉपी. अशा डिस्क आपल्याकडच्या प्रत्येक कलेक्शनमध्ये असतात, त्याच्या अक्षरासाठी ठेवायच्या असतील तर ठेवा, पण विकायच्या नाहीत, तो कॉपीराइटचा गुन्हा आहे.

भारतात निघालेले गेम वेगळे काढा. "हनुमान: बॉय वॉरिअर" हा २००९ चा पीएस२ गेम हैदराबादमध्ये बनला होता, त्याच वर्षी "देसी अड्डा" पण आला. खेळायला कसे आहेत ते विचारू नका, पण बाहेरच्या देशातल्या कलेक्टर लोकांना हे माहीत असतात आणि इथे लोक ते भंगारात टाकतात. तसंच सामुराई, मीडिया, लिटिल मास्टर असल्या जुन्या मशिनी आणि त्यांची पिवळी-निळी कार्ट्रिज.

पीसी गेमचे डबे दिसले की फार खुश होऊ नका. २००४ च्या हाफ-लाइफ २ पासून पुढे बऱ्याच डब्यातली की (गेम चालू करायचा कोड) एकदा स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकली की कायमची त्या खात्याला चिकटते. डबा छान दिसतो, पण त्याच्या आत आता तुमच्यासाठी गेम नाहीये. त्याच्या आधीचे जुने गेम, ज्यांना फक्त छापील सीडी की लागते, ते अजून चालतात, त्यामुळे की छापलेली पुस्तिका किंवा डब्याचं मागचं पान हरवू देऊ नका.

५. सेव्हच्या कॉपी

हीच खरी मेहनत. मशीनप्रमाणे वेगळी आहे, म्हणून एकेक सांगतो.

पीएस१, पीएस२: सेव्ह मेमरी कार्डात असतो, डिस्कवर नाही. पीएस२ चं कार्ड ८ एमबीचं. दुसरं कार्ड मिळवा, दोन्ही खाचांमध्ये लावा, डिस्क न घालता मशीन चालू करा, ब्राउझरमध्ये जाऊन एकेक सेव्ह कॉपी करा. थोडे गेम कॉपी करू देत नाहीत, त्यांचं मूळ कार्डच जपायचं. आणि मित्रांना विचारा, कारण मेमरी कार्ड ही उसनी जायची वस्तू आहे, एखादं कार्ड कळव्याला नाहीतर खारघरला कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं.

पीएसपी: सगळ्यात सोपं. यूएसबीने लॅपटॉपला लावा, मेमरी स्टिकवरचं सेव्हडेटा नावाचं फोल्डर उचलून कॉपी करा.

पीएस३: सेटिंगमधली बॅकअप युटिलिटी अख्ख्या डिस्कची कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर काढते, ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा लागतो. काही सेव्ह लॉक असतात, ते दुसऱ्या मशीनवर चालत नाहीत, त्यामुळे ही मशीन स्वतःच सांभाळायची.

पीएस४: त्याच्या युजरमध्ये जाऊन सेव्ह डेटा पेनड्राइव्हवर कॉपी होतो. पण तो त्याच्या खात्याला बांधलेला राहतो, तुमच्या खात्यात उघडणार नाही. पीएस५ वर पीएस५ चे सेव्ह पेनड्राइव्हवर जातच नाहीत, फक्त पीएस४ चे जातात. बाकीचे क्लाउडवर (कंपनीकडच्या ऑनलाइन साठ्यात), आणि क्लाउडला पीएस प्लस ही सोनीची वर्गणी लागते.

इथे घड्याळ चालू असतं. बँक खातं गोठलं की पीएस प्लसचे पैसे कापले जात नाहीत, वर्गणी संपते, आणि त्यानंतर क्लाउडवरचे सेव्ह सोनी ६ महिने ठेवते. निन्टेन्डोचं तसंच, १८० दिवस. घरचे त्या वेळी बँकेत फेऱ्या मारत असतात, त्यांना हे कुठून सुचणार, म्हणून हे तुम्हीच लक्षात ठेवायचं. एक्सबॉक्स वन आणि पुढच्या मशिनींना सेव्ह क्लाउडवर फुकट जातात, तिथे ही काळजी नाही.

स्विच: यात लोक हमखास फसतात. गेमच्या कार्डात सेव्ह नसतो, मायक्रोएसडी कार्डात पण नसतो, तो मशीनच्या आतल्या मेमरीत असतो. म्हणजे गेम तुमच्याकडे आणि स्विच भाच्याकडे असं वाटप झालं तर सेव्ह भाच्याकडे गेला. वाटपाच्या आधी ठरवा.

गेमबॉय आणि जुनी कार्ट्रिज: बऱ्याच कार्ट्रिजमध्ये घड्याळाच्या सेलसारखा एक छोटा सेल असतो आणि सेव्ह त्याच्या जिवावर टिकतो. वीस-पंचवीस वर्षं जुना सेल कधीही जाईल. बदलायला गेलात की सेल काढताक्षणी सेव्ह उडतो, म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने सेव्ह लॅपटॉपवर उतरवा, सेल बदला, सेव्ह परत चढवा. रीडर बाहेरून मागवावा लागतो, कस्टम लागू शकतं. परवडत नसेल तर कार्ट्रिज चालू करून पडद्याचा व्हिडिओ तरी काढून ठेवा, त्याची टीम, त्याने दिलेली नावं, किती तास खेळला तो आकडा. काकूंना त्या गेमचं काही कळत नसलं तरी पोकेमॉनला आपल्या मांजराचं नाव दिलेलं त्यांना बरोबर दिसतं.

सामुराई वगैरे मशिनींच्या "९९९९९९९ इन १" मध्ये सेव्ह नसतो. बिनधास्त खेळा.

६. खाती आणि पासवर्ड

स्पष्ट सांगतो. स्टीमच्या करारात लिहिलंय की खातं दुसऱ्याला देता येत नाही, आणि ते मृत्युपत्रानेही बदलत नाही असंच त्यांचं म्हणणं आहे. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो, सगळीकडे आपण गेम नाही, वापरायचा परवाना घेतलेला असतो. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने २०२४ मध्ये सांगितलं होतं की कोर्टाचा आदेश आणलात तर आम्ही प्रयत्न करू, पण गेमसाठी कोर्टात कोण जाणार. जीओजीचा फायदा वेगळाच आहे: तिथले गेम लॉक नसतात, त्याने इन्स्टॉलर उतरवून ठेवले असतील तर ते लॅपटॉपवर चालतात.

घरच्यांकडे त्याचा पासवर्ड असतो कधीकधी. तो वापरून आत शिरणं कंपनीच्या नियमात बसत नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आत त्याचे चॅट असतात. काय करायचं हे घरच्यांनी ठरवायचं, आपण नाही. त्यांनी सांगितलंच तर सेव्ह आणि स्क्रीनशॉट एवढ्यापुरतं जा, मेसेज उघडू नका, आणि उघडून घरी दाखवू तर नकाच.

ओटीपीसाठी त्याचं सिम चालू लागतं. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे तो नंबर कोणा तिसऱ्याला मिळतो. सिम घरच्यांच्या नावावर करून घेता येतं, त्यांना सांगा, बँकेच्या कामालाही लागेल. गूगलचं खातं २ वर्षं कोणी उघडलं नाही तर गूगल ते पुसू शकतं, आणि गेमचे सगळे ईमेल तिथेच असतात.

७. चालू करायच्या आधी, आणि सफाई

सामान: मऊ मायक्रोफायबर कापड, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेरिंगवाले वापरतात तेच, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नक्की मिळतं), इअरबड, मऊ ब्रश, आणि गरज पडली तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर.

ट्रान्सफॉर्मरची गरज अशी कळते. अॅडॉप्टरवर किंवा मशीनच्या मागे बघा. "१००-२४०" लिहिलं असेल तर थेट लावा. फक्त १०० किंवा १२० असेल तर ती जपान-अमेरिकेची मशीन आहे, आपल्या २३० ला लावली की वास येतो आणि संपतं. जुन्या मशिनींना प्लस-मायनस पण उलटसुलट असतं, त्यामुळे "पिन बसतेय ना" हा निकष चालत नाही.

बॅटरी बघा. पीएसपी, डीएस, स्विच, कंट्रोलर. मागचं झाकण फुगलंय, नीट बसत नाहीये, असं असेल तर चार्जिंगला लावू नका. बॅटरी टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

डिस्क पुसताना आतून बाहेर सरळ, गोल गोल नाही. टूथपेस्ट लावायचा सल्ला कोणी दिला तर नमस्कार करून निघा. ओरखडे घासून काढणारी मशीन सीडी-डीव्हीडीला चालते, कारण तिथे माहिती प्लास्टिकच्या आत खोल असते. पीएस३ पासून पुढच्या ब्लू-रेला माहिती पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिमीवर असते, तिथे घासलं की गेलीच. आणि सीडीची छापील बाजू जास्त नाजूक असते, डाटा तिथेच लगेच खाली असतो, म्हणून त्या बाजूला स्टिकर लावू नका, असलेला ओढू नका.

बुरशी लागलेल्या पुस्तिका उन्हात टाकू नका, पंख्याखाली सावलीत वाळवा. गेमच्या डब्यांना आणि कन्सोलला पण ऊन नको, प्लास्टिक पिवळं पडतं.

८. जे तुमचं नाही ते परत, जे नको ते बाहेर

ग्रुपवर एक मेसेज टाका, "त्याच्याकडे कोणाचे गेम असतील तर सांगा, आणि तुमच्याकडे त्याचे असतील तर तेही." पहिल्या भागाला उत्तरं लगेच येतात, दुसऱ्याला जरा वेळ लागतो. पीएस५ हप्त्यावर घेतलेला असू शकतो, तो उचलण्याआधी घरच्यांना बँकेचं विचारायला सांगा.

विकायचं असेल तर घरच्यांना आधी सांगा आणि पैसे त्यांनाच विचारून कुठे द्यायचे ते ठरवा. भेट दिलेली वस्तू तुमची आहे हे खरं, पण त्याच्या सामानाची जाहिरात त्याच्याच बहिणीला ऑनलाइन दिसली तर कसं वाटेल तेवढा विचार करा. भाव ठरवताना लोकांनी मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा. क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे, पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. भेटायचं तर दिवसा, स्टेशनबाहेर.

विकण्याआधी मशीनवरचा त्याचा युजर पुसणं मात्र गरजेचं, नाहीतर त्याचा कार्ड नंबर आणि फोटो नवीन माणसाच्या हातात. पायरी ५ पूर्ण झाल्याशिवाय इथे यायचंच नाही हे वेगळं सांगायला नको.

९. पावसाळा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपड्यांना वास येतो, डिस्कचं काय होत असेल. घट्ट झाकणाचे डबे आणि सिलिका जेल, रंग बदलणारं घ्या म्हणजे कधी तापवून वाळवायचं ते कळतं. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर तिथे नको, खाडीकडच्या बाजूला तर नकोच. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकला लागते. रबर बँड काढून टाका, आपल्या हवेत ते वितळून पुस्तिकेला चिकटतात. मशिनी महिन्यातून एकदा तासभर चालू करा. हँडहेल्डच्या बॅटरी अर्ध्या चार्जवर ठेवा, पूर्ण रिकाम्या नाही.

थोडे प्रश्न जे मला लोक विचारतात

मोड केलेला (कंपनीचं लॉक तोडलेला) पीएस२ ठेवावा का? ठेवा, उत्तम चालतो, फक्त मेमरी कार्ड काढायच्या आधी बघा, कधीकधी सगळी जादू त्या कार्डातच असते.

घरचे म्हणतात सगळं घे, पण माझ्याकडे जागा नाही? मग सगळं घेऊ नका. मेमरी कार्ड, कार्ट्रिज आणि ज्या मशीनमध्ये सेव्ह आहेत ती मशीन एवढं घ्या. बाकीचे डबे दोन-तीन मित्रांत वाटा आणि शीटमध्ये कोणाकडे काय गेलं ते लिहा.

त्याचा अर्धवट राहिलेला गेम मी पुढे खेळू का? कॉपी काढून वेगळ्या स्लॉटमध्ये. त्याच्या स्लॉटला हात नाही.

शेवटचा प्रश्न वहिनी विचारतात नेहमी, की यातलं मुलासाठी काय ठेवू, तो अजून लहान आहे. त्यांना म्हणतो पीएस२ ठेवा, मेमरी कार्डसकट, सोबत एक एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर पण खोक्यात टाकून देतो, नवीन टीव्हीला मागे पिवळी-लाल-पांढरी भोकं नसतात.